सहल विकता तेव्हा तिथल्या धोक्याचेही बोला : नागपुरातील ट्रॅव्हल व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील सर्व ट्रॅव्हल व्यावसायिक, सहल आयोजक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की आपल्या शहरात दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. तिकडे विधानभवनाच्या दिशेने मोर्चे निघतात आणि इकडे तुमच्या ऑफिसांमधून उन्हाळी सहलींची पत्रके निघू लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पार गेला की कूलरसमोर बसून सुट्टी काढायची कोणाला हौस नसते, त्यामुळे बुकिंग आत्ताच होते. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात पाच पत्रके आली. काश्मीर, लडाख, सिक्कीम-दार्जिलिंग, नेपाळ आणि थायलंड. पाचही मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. शिकारा आहे, टॉय ट्रेन आहे, रोज संध्याकाळी वरण-भात-पोळी मिळेल हेही लिहिले आहे. तिथे परिस्थिती बिघडली तर काय, याबद्दल पाचांपैकी एकातही अक्षर नाही.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. दक्षिण-पश्चिम नागपुरात आमचे ज्येष्ठ नागरिकांचे मंडळ आहे आणि त्याच्या सहलींचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. २०२५ या एका वर्षात आम्हाला "जायचे की नाही" हा प्रश्न दोनदा सोडवावा लागला आणि एकदा दुसऱ्यांनी तोच प्रश्न आपल्या नागपूरबद्दल आम्हाला विचारला. त्यातून जे कळले ते तुमच्यासमोर ठेवते आहे. यंदाची पत्रके छापून झाली असली तरी पावत्या फाडायच्या अजून बाकी आहेत.

काश्मीरची सहल ५ ते १२ मे अशी ठरली होती. अठरा जण. माणशी अडतीस हजार, त्यातले निम्मे आगाऊ भरलेले. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, तिघांना मधुमेह, एका काकांची बायपास झालेली. २२ एप्रिलच्या मंगळवारी दुपारी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांना मारले. पंचवीस पर्यटक आणि त्यांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवाला. पर्यटकांमधले सहा जण आपल्या महाराष्ट्रातले होते, सुट्टीला गेलेले, अगदी आमच्यासारखे. त्या रात्री आमच्या वस्तीत कितीतरी घरांत ताटे तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयोजकांना फोन लावला. त्यांचे नाव इथे घेत नाही, कारण हे उत्तर मला आणखी तीन ऑफिसांतूनही मिळाले असते याची मला खात्री आहे. ते म्हणाले, "काही नाही होत ताई. आता तर तिथं पावलापावलावर मिलिटरी येऊन राहिली. याच्याइतकं सेफ काश्मीर पुन्हा मिळणार नाही तुम्हाला." मी म्हटले, आणि नाही आलो तर? "ॲडव्हान्स परत होत नाही ताई, पावतीच्या मागं लिहिलं आहे ना."

ही दोन वाक्ये एकाच दमात आली, आणि माझे सगळे म्हणणे त्या दोन वाक्यांबद्दल आहे. पहिल्या वाक्यात माहिती नव्हती, धीर होता. दुसऱ्या वाक्यात धीर नव्हता, पैसा होता. या दोहोंच्या मध्ये म्हातारी माणसे आपल्या जिवाचा निर्णय घेणार होती.

२४ तारखेला मंदिराच्या सभागृहात बैठक झाली. बायपास झालेले काका म्हणाले, मरण यायचे तर वर्धा रोडवरही येईल. शेजारच्या वहिनींचा मुलगा परदेशातून दिवसातून तीनदा फोन करून आईला नको म्हणून विनवत होता. एकाला वाटे, आपण गेलो नाही तर हल्लेखोरांना हवे तेच होईल आणि तिथल्या गरीब लोकांच्या पोटावर पाय येईल. दुसऱ्याला वाटे, आपण काही सैनिक नाही. दोन तास झाले तरी बोलणे याच्या पुढे जाईना, कारण पुढे जायला लागतात त्या गोष्टी कोणाजवळच नव्हत्या. आमचे मुक्काम कोणत्या गावात, कोणत्या रस्त्याने जाणार, त्यातले काय उघडे आणि काय बंद, परतीच्या तिकिटाचे काय, हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवशी महाराष्ट्र सरकार अडकलेल्या पर्यटकांना खास विमानांनी परत आणत होते. विमान कंपन्यांनी तारीख बदलण्याची सवलत दिली होती, पण ती पहिली सवलत ३० एप्रिलपर्यंतच्या प्रवासाची. आमचा प्रवास ५ मेचा. शिवाय नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-श्रीनगर ही तिकिटे वेगवेगळी काढलेली, म्हणजे पुढचे विमान रद्द झाले तरी मागच्या तिकिटाचा त्याच्याशी संबंध नाही. हे आम्हाला बैठकीनंतर दोन दिवसांनी कळले, तेही माझ्या भाच्याने कंपनीला फोन केला म्हणून.

एप्रिल संपता संपता जम्मू-काश्मीर प्रशासनाने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. त्यात दूधपथरी आणि युसमर्ग होते आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत तिसरा दिवस दूधपथरीचा, पाचवा युसमर्गचा. बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली. आयोजकांकडून आलेली पत्रिका २ मेपर्यंत जशीच्या तशी होती.

चौदा जण थांबले, चार जण गेले.

ते चौघे का गेले हे मी त्यांना नंतर विचारले. काश्मीर सुरक्षित आहे असे त्यांना वाटले होते का? नाही. त्यातल्या एका काकांनी सांगितले ते शब्द माझ्या मनातून जात नाहीत. म्हणाले, "ताई, दोघांचे मिळून अडतीस हजार आधीच गेलेले. पेन्शन किती ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसे मिळाले असते तर घरीच राहिलो असतो." त्यांनी धोका तोललाच नव्हता. ताजव्याच्या एका पारड्यात पावती ठेवलेली होती.

७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले आणि श्रीनगरचा विमानतळ प्रवाशांसाठी बंद झाला. पुढे उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद राहिले. आमची चार माणसे श्रीनगरच्या हॉटेलात. चौघांपैकी तिघांचे मोबाइल प्रीपेड. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागते. ही साधी गोष्ट निघताना त्यांना कोणी सांगितली नव्हती. रात्री दिवे घालवलेले. १० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली म्हणून आम्ही इकडे सुटकेचा श्वास सोडला, तर त्याच रात्री श्रीनगरच्या आकाशात पुन्हा स्फोटांचे आवाज. एका काकूंचे इन्सुलिन संपत आले होते, कारण औषधे मोजून आठ दिवसांची नेलेली. हॉटेलच्या मालकाने स्वतःच्या स्कूटरवर दुकाने धुंडाळून ते आणून दिले आणि जादा मुक्कामाचा एक रुपया घेतला नाही. त्या माणसाचे उपकार आमच्यावर आहेत. १३ मेला विमाने सुरू झाली आणि १४ ला ही मंडळी घरी पोहोचली. आम्ही सोनेगावच्या विमानतळावर घ्यायला गेलो होतो. काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या.

ते सुखरूप आले म्हणून त्यांचे जाणे बरोबर ठरत नाही. आणि तिथे विमानतळ बंद पडला म्हणून आम्ही चौदा जण द्रष्टे ठरत नाही. ७ तारखेला काय होणार हे २४ एप्रिलला आम्हाला दिसत नव्हते. माझी तक्रार निकालाबद्दल नाही. निर्णय घेण्याची संधी आम्हाला नीट मिळाली नाही, ती तक्रार आहे.

आता कायद्याचे. बँकेत कागद वाचून आयुष्य गेले, म्हणून मी या प्रकरणानंतर पुस्तके काढून बसले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५६ सांगते की करार केल्यानंतर ठरलेले काम करणे अशक्य झाले तर करार रद्दबातल होतो आणि कलम ६५ प्रमाणे ज्याने पैसे घेतले त्याने ते परत द्यायचे किंवा भरपाई करायची. म्हणजे ७ मेनंतर, विमानतळच बंद झाल्यावर, आमच्या बाजूने बोलायला कायदा होता. पण २२ एप्रिल ते ६ मे या पंधरवड्यात? विमाने उडत होती, हॉटेले उघडी होती, सहल "शक्य" होती. त्या पंधरवड्यातली आमची भीती रास्त होती, पण रास्त भीती म्हणजे अशक्यता नव्हे. आणि जावे की न जावे हा प्रश्न कायम अशाच पंधरवड्यात पडतो! ही फट कायद्याने बुजत नाही. ती बुजवायची तर तुमच्या आणि आमच्यातल्या कागदानेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" ही कल्पना आली आहे आणि नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणारी अट त्यात बसते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. पण वीस हजारांसाठी सत्तरीतल्या माणसाने आयोगाच्या पायऱ्या चढाव्यात, अशी माझी इच्छा नाही. तुमचीही नसावी.

विम्याचे नाव तुमच्यातले बरेच जण घेतात. "ताई, इन्शुरन्स आहे ना पॅकेजमध्ये." आम्ही ती पॉलिसी मागून घेतली. अपघाती मृत्यू, अपंगत्व, सामान हरवणे. युद्ध आणि नागरी अशांतता हे अपवादांच्या यादीत. पॉलिसी घेण्याआधीच जगजाहीर झालेली घटनाही अपवादात. भीतीने सहल सोडली तर त्यातून काही मिळत नाही. तेव्हा जे विम्यात नाही ते आहे असे भासेल, असे बोलू नका, एवढी हात जोडून विनंती.

आता आपल्याच शहराचे सांगते, कारण या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी मला तिथून मिळाली.

१७ मार्च २०२५ च्या सोमवारी संध्याकाळी महाल भागात दंगल झाली, रात्री हंसापुरीत जाळपोळ झाली. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतीनगर, सक्करदरा, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर, कपिलनगर. देशभरातल्या वाहिन्यांवर दिवसभर एकच ओळ, "नागपूर पेटले". माझ्या नणंदेच्या घरचे पाच जण त्याच आठवड्यात इंदूरहून ताडोब्याला येणार होते. जिप्सीचे बुकिंग झालेले. त्यांचा फोन आला, "वहिनी, येऊ का हो? नागपूर सेफ आहे का?"

मी पटकन "या" म्हणणार होते आणि थांबले. त्यांचे बसचे तिकीट गणेशपेठच्या स्टँडपर्यंतचे होते आणि गणेशपेठ संचारबंदीत. माझ्या घराभोवती मात्र भाजीवाले, शाळा, सगळे रोजच्यासारखे. विमानाने येणारा माणूस सोनेगावला उतरून वर्धा रोडने निघाला असता तर महाल त्याच्या वाटेत आलाच नसता. ताडोबा तर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे "नागपूर सुरक्षित आहे का" या प्रश्नाला उत्तरच नव्हते. कुठे उतरणार, किती वाजता, कोणत्या रस्त्याने जाणार, या प्रश्नाला उत्तर होते. मी त्यांना बसचे तिकीट रद्द करून स्वतःच्या गाडीने बाहेरच्या रस्त्याने यायला सांगितले आणि शहरात शिरू नका म्हटले. ते आले, वाघही दिसला, परत गेले. २३ मार्चला उरलेली संचारबंदीही उठली.

माझ्या सांगण्यावर त्यांनी विसंबावे, कारण मी इथली. मला गणेशपेठ कुठे संपते ते ठाऊक आहे. श्रीनगरचे, लेहचे, काठमांडूचे असे सांगणारे माणूस आमच्याजवळ कोण? तुम्ही. तुमचे तिथे हॉटेलवाले आहेत, गाडीवाले आहेत, वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे. तुम्ही एक फोन केलात तर "आज अमुक चौकातून गाडी गेली, अमुक रस्ता बंद आहे" इतके नेमके कळू शकते. तेच तुम्ही देत नाही आणि त्याऐवजी "काही नाही होत" देता, याचे मला वाईट वाटते.

परक्यांच्या नजरेतून स्वतःकडे पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. अमेरिकेचे परराष्ट्र खाते प्रत्येक देशाला एक ते चार असा धोक्याचा स्तर देते. जून २०२५ च्या त्यांच्या सूचनेत भारत दुसऱ्या स्तरावर होता आणि नक्षलवाद्यांच्या वावराचा पट्टा म्हणून "पूर्व महाराष्ट्रा"चा उल्लेख होता. पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपणच की. आपल्याला ठाऊक आहे की गडचिरोलीच्या दूरच्या जंगलात आणि शहरातल्या फुटाळा तलावाच्या काठावर एकच परिस्थिती नाही. ही सूचना खोटी नाही, पण तिचा कुंचला जाड आहे. याच्या उलट उदाहरण थायलंडचे. जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली तेव्हा बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाने सीमेलगतचे सात प्रांत नावानिशी सांगितले, तिकडे जाऊ नका म्हणून. बँकॉक त्यात नव्हते, पटाया-फुकेत नव्हते. अशी सूचना वाचून माणूस नकाशा काढतो आणि आपल्या मुक्कामांवर बोट ठेवतो. तुमच्याकडून मला सूचनेची ही जात हवी आहे.

धोका धोका म्हणतो आपण, पण त्याच्याही जाती असतात आणि प्रत्येकीचे औषध वेगळे. आपण नागपूरकर दर हिवाळ्यात मोर्चे पाहतो. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर बॅरिकेड्स लागतील, टेकडी रोडकडे जायचे नाही, हे आपल्या मुलांनाही कळते. जाहीर झालेल्या बंदाला, मोर्चाला तारीख असते, वेळ असते. दार्जिलिंगला २०१७ च्या जूनमध्ये गोरखालँडचे आंदोलन पेटले आणि बंद १०४ दिवस चालला. ऐन हंगामात, टॉय ट्रेनसकट सगळे ठप्प. पण तिथे पर्यटकांना निघून जायला सांगितले गेले, वेळ मिळाला. ज्यांनी पहिल्याच इशाऱ्याला सिलिगुडीची गाडी धरली त्यांची फार ओढाताण झाली नाही. जमाव अचानक बिथरतो तेव्हा तसे नसते. लेहमध्ये २४ सप्टेंबर २०२५ ला राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीच्या मागणीच्या आंदोलनात हिंसा झाली, चार जण गेले आणि लगेच संचारबंदी लागली. पर्यटक कोणाचे लक्ष्य नव्हते, पण हॉटेलात कोंडले गेले. अशा वेळी जीव सांभाळायचा तर खोलीत थांबायचे आणि हातात दोन-चार दिवसांची औषधे, रोख पैसे, चालू फोन हवा. बैसरनला पर्यटकच लक्ष्य होते. ती जात सगळ्यात वाईट, कारण तिथे घाई करून, खबरदारी घेऊन भागत नाही. तिथे काही काळ न जाणे हेच शहाणपण. आणि दोन देशांत लढाई जुंपली तर आकाशच बंद होते, मग पर्यटक लक्ष्य असो की नसो. म्हणून कोणी मला विचारले तर मी आधी एवढेच पाहते, की तिथे पर्यटकावर नेम आहे की तो नुसता वाटेत सापडतो आहे. नेम असेल तर माझे उत्तर ठरलेले असते. वाटेत सापडणार असेल तर वाट बदलता येते का ते पाहायचे.

नेपाळच्या वेळी आम्ही हेच केले आणि तिथे मला तुमच्यातलेच एक चांगले माणूस भेटले. त्यांचेही नाव सांगत नाही. नाहीतर हे पत्र जाहिरात होईल. काश्मीरचे पैसे बुडालेली चौदा माणसे पुन्हा घराबाहेर काढणे सोपे नव्हते. काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ, सप्टेंबरअखेरचे बुकिंग, दसऱ्याच्या आधी परत. आणि ८ सप्टेंबरला काठमांडूत तरुणांची निदर्शने पेटली. समाजमाध्यमांवरच्या बंदीचे निमित्त झाले, भ्रष्टाचाराचा राग आधीचाच. गोळीबार झाला. ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, सिंहदरबार हे सरकारी मुख्यालय जळाले, मोठमोठी हॉटेले जळाली, त्रिभुवन विमानतळ बंद झाला. सत्तरहून जास्त माणसे गेली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने परिस्थिती निवळेपर्यंत प्रवास पुढे ढकला असे स्पष्ट सांगितले.

त्या ९ तारखेच्या रात्रीच आयोजकांचा फोन आला, मी करण्याआधी. "ताई, सप्टेंबरची ट्रिप होत नाही. विमानाचं माझ्याकडं सोडा, हॉटेलचे पैसे पुढच्या तारखेला वळवून घेतो. गाडीवाल्याचा ॲडव्हान्स दहा टक्के गेला, तो मी आणि तुम्ही अर्धा-अर्धा. नोव्हेंबरचं २५ ऑक्टोबरला बसून ठरवू. तवापर्यंत तिथं सरकार कसं चालतं ते पाहू." मी फोन ठेवला आणि खरे सांगते, हायसे वाटले. रकमेमुळे नव्हे. या माणसाने धोका आणि पैसा वेगवेगळे करून माझ्या हातात दिले होते. आता आम्हाला फक्त धोक्याचा विचार करायचा होता.

१२ सप्टेंबरला सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, ५ मार्च २०२६ ची निवडणूक जाहीर झाली, दशैं म्हणजे तिथला दसरा शांततेत गेला. २५ ऑक्टोबरला आम्ही बसलो. नव्या आराखड्यात काठमांडूचा मुक्काम तीन रात्रींवरून एकावर आणला, राहायला पोखरा, परतीला बीरगंज-रक्सौल ऐवजी लुंबिनीवरून सोनौली आणि गोरखपूर. कारण आयोजकांच्या गाडीवाल्याने सांगितले होते की तराईतली राजकीय कुरबुर संपलेली नाही. आणि झालेही तसेच. १९ नोव्हेंबरला, आम्ही पोखऱ्यात असताना, बारा नावाच्या जिल्ह्यातल्या सिमऱ्यात चकमक झाली आणि संचारबंदी लागली. सिमरा बीरगंजच्याच रस्त्यावर. आम्ही सोनौलीने आलो, गोरखपूरहून गाडीत बसलो आणि चौदा माणसे नागपूर स्टेशनवर उतरली, सगळ्यांच्या पिशवीत मुक्तिनाथचा प्रसाद. फेवा तळ्याकाठी माच्छापुच्छ्रे शिखरावर पहिले ऊन पडताना पाहिले तेव्हा बायपासवाल्या काकांनी माझ्याकडे बघून नुसते हात जोडले होते. मला घरी बसा म्हणणारी समजू नका. जाणे मलाही हवे आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असे नाही. सीताबर्डीत, धरमपेठेत दोन टेबलांचे ऑफिस टाकून बसलेल्या माणसाचा पैसा आम्ही भरल्या दिवशीच पुढे जातो, विमान कंपनीकडे, हॉटेलकडे, तिथल्या एजंटाकडे. तो परत मिळवताना तुमचेच जोडे झिजतात. एप्रिल-मेमध्ये तुमच्यातल्या कितीतरी जणांचा वर्षाचा हंगाम गेला. पण हे असेच जर आहे, तर आम्हाला सांगा ना. पावतीवर "ॲडव्हान्स परत होणार नाही" या एका ओळीऐवजी लिहा की यातले इतके विमानाचे, इतके हॉटेलचे, इतके गाडीचे, इतके माझ्या कामाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत त्यातले काय परत येऊ शकते. तुमच्या कामाचे पैसे ठेवून घ्या. ते तुमच्या हक्काचे आहेत, त्यावर आमच्यातले कोणी हुज्जत घालणार नाही. न गेलेले पैसे गेले म्हणून सांगू नका.

आणि बुकिंगच्याच दिवशी, मन शांत असताना, हे लिहून ठेवा की काय घडले तर सहल आपोआप थांबेल. सरकारने प्रवास टाळा म्हटले तर. मुक्कामाच्या ठिकाणी संचारबंदी असेल तर. कार्यक्रमातली अमुक इतकी स्थळे प्रशासनाने बंद केली तर. पर्यटकांवर हल्ला झाला तर त्यापुढचे अमुक दिवस. आकडे तुम्ही ठरवा, आम्ही ठरवू, मंडळागणिक वेगळे असू देत. पण ते आधी ठरलेले असावेत. बातमी आल्यावर ठरवायला बसलो की एकजण घाबरलेला असतो, दुसऱ्याची इभ्रत अडलेली असते आणि तिसऱ्याचे पैसे. निघण्याच्या आधी सात दिवस आणि दोन दिवस असे दोनदा आम्हाला लेखी कळवा, तिथे काय चालू आहे, मुक्कामागणिक. "सगळे सुरळीत आहे" हे चालणार नाही. गाव, रस्ता, तारीख लिहा.

नेपाळ विकणाऱ्यांना एक वेगळे सांगते. ५ मार्चच्या आसपासच्या तारखा ज्यांनी पत्रकात टाकल्या आहेत त्यांनी गिऱ्हाइकाला निवडणुकीचे आधी सांगा. मतदानाच्या आधी सीमा बंद ठेवण्याची पद्धत आहे, त्या दिवशी गाड्याही फिरू देत नाहीत. काश्मीर विकणाऱ्यांनी पोस्टपेड सिमचे सांगा, दुप्पट औषधांचे सांगा आणि बंद केलेल्या स्थळांपैकी आज कोणते उघडे आहे ते स्वतः विचारून सांगा. विमानाची तिकिटे शक्यतो एकाच बुकिंगमध्ये काढा. थोडे महाग पडले तर आम्ही देऊ.

आमच्या मंडळाची बैठक रविवारी, २८ डिसेंबरला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यासाठी सोळा माणसांच्या सहलीचे दर त्या दिवशी उघडणार आहोत. काश्मीरलाही आमची हरकत नाही. यंदा थांबलेल्या चौदापैकी नऊ जण पुन्हा तयार आहेत आणि जे चौघे अडकले होते त्यांतल्या काकूंना त्या हॉटेलवाल्याला भेटायचे आहे, त्याच्यासाठी त्यांनी संत्र्याची बर्फी न्यायची ठरवली आहे. दरपत्रकासोबत वर सांगितले तसे एक पान जोडा, मराठीत, सहीशिक्क्यासह. ज्या पाकिटात ते पान नसेल त्यातला दर आम्ही वाचणार नाही, तो कितीही कमी असला तरी.

आपली नम्र,
ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहलप्रमुख,
दक्षिण-पश्चिम नागपूर
डिसेंबर २०२५